ज्या सॉफ्टवेअरवर जीव अवलंबून असतो, ते तपासायचं कसं

औषध-पंप, रेल्वेचं सिग्नलिंग, विमानाचं नियंत्रण, रासायनिक कारखान्यातली आपत्कालीन बंद-यंत्रणा. यांतल्या सॉफ्टवेअरची तपासणी बऱ्याचदा उलट्या टोकापासून सुरू होते. आधी कोड स्कॅनरमधून काढतात, मग टेस्ट चालवतात, शेवटी आठवडाभराची पेन-टेस्ट (परवानगीनं केलेला नकली हल्ला) होते आणि सगळे रिपोर्ट एका फायलीत लावून 'सुरक्षित' असा शेरा मारला जातो. त्या फायलीला एवढंच विचारून पाहा: कोणत्या इजेपासून सुरक्षित, कोणत्या परिस्थितीत, आणि कशावरून? उत्तर सापडत नाही, कारण सुरुवातीला तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

म्हणून खालचा क्रम. पायऱ्या वरखाली केल्या तर आधीची मेहनत पुन्हा करावी लागते. आणि दोन शब्द आधीच वेगळे करून घेऊ. यंत्रणेकडून माणसाला इजा होऊ नये, ही सेफ्टी. वाईट हेतूच्या माणसाकडून यंत्रणेला धक्का लागू नये, ही सिक्युरिटी. दोन्हींची तपासणी दोन वेगळ्या टीमनी दोन वेगळ्या खोल्यांत बसून करायची पद्धत पडली आहे. ती पद्धतच मुळात घातक आहे, का ते पुढे येईलच.

## तयारी: कामाला हात घालण्याआधी

तपासणारा माणूस स्वतंत्र हवा. कोड लिहिणारा नको, आणि प्रॉडक्ट वेळेवर बाजारात गेलं नाही तर ज्याला जाब द्यावा लागतो त्या मॅनेजरच्या हाताखालचाही नको. 'नाही' म्हणण्याचा अधिकार त्याला लेखी द्या.

मग कागदपत्रं मागा: रिक्वायरमेंट, आर्किटेक्चर, सोर्स कोड, बिल्ड करण्याच्या (कोडपासून चालणारी फाइल बनवण्याच्या) सूचना, बाहेरून घेतलेल्या प्रत्येक लायब्ररीची आवृत्तीसह यादी, बदलांचा इतिहास, उघड्या बगची यादी, वापरणाऱ्यासाठीचं मॅन्युअल आणि आजवरच्या तक्रारी. उघड्या बगची यादी कोरी आली तर खूश होऊ नका. बग नोंदवलेच जात नाहीत, किंवा ती यादी तुमच्यासाठी साफ केली आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. सोर्समधून स्वतः बिल्ड करा आणि तयार झालेली फाइल प्रत्यक्ष यंत्रात जाणाऱ्या फायलीशी बाइट न् बाइट जुळते का ते हॅशनं (फायलीच्या मजकुरावरून काढलेल्या ठशानं) पाहा. जुळत नसेल तर तुम्ही एक सॉफ्टवेअर तपासाल आणि माणसांच्या अंगावर दुसरंच चालेल.

तपासून घ्या: यंत्र रोज हाताळणाऱ्या किमान दोघा-तिघांशी तुम्ही बोललात का? मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते विचारू नका. 'घाईत असताना काय करता?' असं विचारा.

## पायरी १: हद्द आखा

नुसतं सॉफ्टवेअर सुरक्षितही नसतं आणि असुरक्षितही नसतं. ते कशाला जोडलंय, कोण वापरतंय, किती वेळ चालतंय, यावर ते ठरतं. म्हणून पहिल्या पानावर यंत्रणेची हद्द काढा: आत काय, बाहेर काय, हद्द ओलांडून कोणते सिग्नल येतात-जातात. त्याखाली वापराची परिस्थिती आकड्यांत लिहा.

आकड्यांत का, ते पाहा. १९९१ साली आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेला येणारं क्षेपणास्त्र टिपता आलं नाही आणि २८ सैनिक गेले. यंत्रणा वेळ मोजत होती दशांश सेकंदांत, आणि ०.१ ही संख्या २४ बिटांत अचूक बसत नाही. प्रत्येक टिकटिकीला चूक अगदी किरकोळ, पण १०० तास सलग चालू राहिल्यावर ती सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली होती. इतका वेळ कोणी यंत्रणा बंद न करता चालवेल, हे आखणीत धरलेलंच नव्हतं. एरियान ५ या युरोपीय रॉकेटचं पहिलं उड्डाण ४ जून १९९६ रोजी चाळीसेक सेकंदांत संपलं, कारण एरियान ४ मधून उचललेल्या कोडला नव्या रॉकेटचा आडवा वेग १६ बिटांत बसवता आला नाही. जुन्या रॉकेटवर तो कोड बरोबरच होता.

तपासून घ्या: कोडमधला प्रत्येक काउंटर आणि टायमर शोधून काढा आणि तो किती काळानं भरतो ते लिहा. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर साधारण ४९.७ दिवसांत शून्यावर येतो. सेकंदाचा शंभरावा भाग मोजणारा, चिन्ह असलेला काउंटर २४८ दिवसांत भरतो. बोइंग ७८७ च्या जनरेटर नियंत्रणाबाबत २०१५ साली नेमकी हीच २४८ दिवसांची सूचना काढावी लागली होती.

## पायरी २: इजेकडून मागे चालत या

कोड उघडायचा मोह इथे आवरा. आधी इजा लिहा, मग त्या इजेकडे नेणारी यंत्रणेची अवस्था, आणि मग ती अवस्था ओढवणारा आदेश.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ: सलाइनच्या नळीतून औषध देणारा इन्फ्यूजन पंप. इजा: रुग्णाला औषध जास्त गेलं, कमी गेलं, किंवा नळीतून हवा गेली. 'औषध सोडा' या एका आदेशाला आता चार प्रश्न विचारा. हवा होता तेव्हा दिलाच नाही तर? नको होता तेव्हा दिला तर? फार लवकर, उशिरा किंवा चुकीच्या क्रमानं दिला तर? वेळेआधी थांबला किंवा थांबायला हवा तेव्हा चालूच राहिला तर? धोके शोधण्याच्या एसटीपीए पद्धतीचा गाभा हाच आहे. हा प्रश्नसंच प्रत्येक आदेशाला लावला की नुसत्या विचारमंथनातून न सुचणारे धोके वर येतात. उदाहरणार्थ, बॅटरी बदलताना पंप तीस सेकंद बंद पडला आणि पुन्हा चालू झाल्यावर राहिलेली मात्रा भरून काढायला वेगानं धावला. इथे एकही भाग बिघडलेला नाही.

आता त्याच यादीवर, त्याच बैठकीत, दुसरी फेरी काढा: हीच अवस्था कोणी मुद्दाम आणायची ठरवली तर? सेफ्टीवाले दोन स्वतंत्र बिघाड एकाच वेळी होण्याची शक्यता नगण्य धरतात. हल्लेखोर ते दोन्ही बिघाड एकाच मिनिटात घडवून आणतो. त्याच्यापुढे शक्यतांचा गुणाकार चालत नाही. २०१७ साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात ट्रायटन नावाचा मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडला. त्याचा रोख उत्पादनाच्या संगणकांवर नव्हता. स्फोट आणि गळती रोखणाऱ्या बंद-यंत्रणेच्या कंट्रोलरवरच होता. त्या कंट्रोलरची किल्ली 'प्रोग्राम' स्थितीत राहिली होती, म्हणून दूरवरून त्यात कोड घालता आला.

सावध: धोक्यांच्या यादीत 'सॉफ्टवेअर एरर' अशी ओळ दिसली तर ती खोडा. तो धोका नाही, कारणांचं गाठोडं आहे. सोडवून लिहा.

## पायरी ३: गांभीर्याची पातळी ठरवा

या पातळ्या उद्योगांच्या मानकांत ठरलेल्या आहेत: आयईसी ६१५०८ या सर्वसाधारण मानकात एसआयएल १ ते ४, मोटारींच्या आयएसओ २६२६२ मध्ये ए ते डी, विमानांच्या डीओ-१७८सी मध्ये ए ते ई. पातळी वाढली की पुढची मेहनत वाढते, म्हणून पातळी कमी ठरवण्याचा दबाव याच पायरीवर येतो. बजेट पाहून पातळी ठरवली आणि मग तिला साजेसं विश्लेषण लिहिलं, हा प्रकार मी पाहिला आहे. कागदावर तो ओळखूही येत नाही.

पातळी ठरवताना 'माणूस सावरून घेईल' असं कुठे धरलंय ते शोधा. बोइंग ७३७ मॅक्स विमानातल्या एमकॅसला (नाक आपोआप खाली आणणाऱ्या सॉफ्टवेअरला) सुरुवातीला शेपटीचा आडवा पंख एका वेळी ०.६ अंशच हलवता येत होता. पुढे ती मर्यादा २.५ अंश झाली आणि ते एकाच सेन्सरच्या भरवशावर पुन्हा पुन्हा चालू होऊ शकत होतं. वैमानिक काही सेकंदांत ओळखून सावरेल, हे गृहीत मात्र तसंच राहिलं. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली.

सिक्युरिटीला इथे 'शक्यता' लावू नका. पंपाच्या यूएसबी पोर्टपर्यंत कोण पोचू शकतं आणि त्याला किती कौशल्य लागेल, हे लिहा.

## पायरी ४: आधी दावा लिहा, पुरावा नंतर

सगळ्या कामाचा कणा ही पायरी आहे. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

'पंपाचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे' हा दावा नाही, कारण तो खोटा ठरेल कशानं हेच त्यात नाही. दावा असा लिहा (आकडे उदाहरणापुरते): 'आवृत्ती ४.२ असलेल्या पंपात, नर्सनं पडद्यावर खात्री केलेल्या दरापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वेगानं औषध सलग ५ सेकंदांपेक्षा अधिक काळ जाणार नाही. वीज गेली, एक सेन्सर बिघडला किंवा नेटवर्कवरून कोणी खोटा आदेश पाठवला, तरीही.' यात आवृत्ती आहे, मर्यादा आहे, परिस्थिती आहे, आणि सेफ्टी व सिक्युरिटी एकाच वाक्यात आल्या आहेत.

दाव्याखाली युक्तिवाद. समजा तो असा आहे: मुख्य प्रोसेसर मोटरचा वेग बरोबर काढतो, आणि तो चुकलाच तर एक वेगळी देखरेख-चिप मोटरच्या फेऱ्या मोजून वीज तोडते. ऐकायला भक्कम. आता खाली बसून तो मोडायचा प्रयत्न करा.

देखरेख-चिपला योग्य दर किती हे कुठून कळतं? मुख्य प्रोसेसर सांगतो. मग मुख्य प्रोसेसरनंच दर चुकीचा धरला असेल, तर चिप चुकीच्या दरालाच इमानदारीनं राखत बसेल. दोघांचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) अपडेट एकाच मार्गानं, एकाच डिजिटल सहीच्या किल्लीनं होतं का? होत असेल, तर ती किल्ली चोरणाऱ्याला दोन्ही भिंती एकदम ओलांडता येतात. आणि नर्सनं ५ दाबल्यावर कळ दोनदा लागून ५५ झाले, तिनं घाईत 'ओके' केलं, तर? दोन्ही चिप बरोबर, दावाही शब्दशः खरा, आणि रुग्णाला मात्र अकरा पट औषध. म्हणजे दाव्यातले 'नर्सनं खात्री केलेल्या दरापेक्षा' हे शब्दच तोकडे आहेत. त्या औषधासाठी ठरवलेल्या कमाल मर्यादेचा आणखी एक दावा हवा.

असा प्रत्येक आक्षेप 'शंका-नोंद' म्हणून क्रमांक देऊन लिहा. प्रत्येक शंकेसमोर तीनच शेरे चालतील: पुराव्यानं मिटली, डिझाइन बदलून मिटली, किंवा शिल्लक आहे. 'चर्चा झाली' हा शेरा नाही.

सावध: दाव्याच्या बाजूचे पुरावे जमवत बसणं हा माणसाचा स्वभाव आहे. ब्रिटनच्या निमरॉड या लष्करी विमानाचं सेफ्टी केस (ते सुरक्षित आहे हे पुराव्यानिशी मांडणारा दस्तऐवज) असंच तयार झालं होतं. विमान सुरक्षितच आहे असं धरून कागद भरले गेले, २००६ साली विमान आगीत पडलं आणि १४ जण गेले. चौकशीनं ठपका ठेवला तो याच मनोवृत्तीवर. सुरुवातीपासून एका माणसाला फक्त विरोधात बोलायचं काम द्या.

## पायरी ५: रिक्वायरमेंट खऱ्या जगाशी ताडून पाहा

कोड रिक्वायरमेंटप्रमाणे आहे, हे बहुतेक टेस्ट दाखवतात. रिक्वायरमेंटच चुकीची असेल तर त्या सगळ्या हिरव्या दिव्यांना अर्थ नाही. १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा इथे उतरणारं एअरबस ए३२० एका बाजूला कलून टेकलं. 'विमान जमिनीवर आहे' हे सॉफ्टवेअर ठरवत होतं दोन्ही मुख्य पायांवर पडणाऱ्या भारावरून किंवा चाकांच्या वेगावरून. ओल्या धावपट्टीवर यांतली एकही अट लगेच पुरी झाली नाही, आणि वेग मोडणारी साधनं काही सेकंद उशिरा उघडली. कोडनं लिहिलेलं तंतोतंत पाळलं होतं.

तपासून घ्या: बाहेरच्या जगातली प्रत्येक स्थिती सॉफ्टवेअरला कोणत्या सिग्नलवरून कळते? तो सिग्नल आणि ती स्थिती कधी वेगळी पडू शकते? दोन भागांमधल्या प्रत्येक आकड्याचं एकक दोन्ही बाजूंना लिहिलंय का? १९९९ साली मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर एका बाजूला पाउंड आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन धरल्यामुळेच गमावलं.

## पायरी ६: पुरावा गोळा करा, या क्रमानं

पहिलं, बाहेरच्या लायब्ररींची यादी ज्ञात कमजोऱ्यांशी ताडा. स्वस्त काम आहे, आणि यात काही निघालं तर पुढची टेस्टिंग पुन्हा करावी लागते, म्हणून ते आधी.

दुसरं, स्टॅटिक ॲनालिसिस, म्हणजे कोड न चालवता टूलनं केलेली तपासणी. टूलनं दिलेल्या इशाऱ्यांपैकी किती 'चुकीचा इशारा' म्हणून दाबले आणि कोणी दाबले, ते पाहा. दाबलेले पंचवीस-तीस स्वतः उघडून वाचा.

तिसरं, टेस्टिंग. डीओ-१७८सी च्या ए पातळीला एमसी/डीसी कव्हरेज लागतं, म्हणजे निर्णयातली प्रत्येक अट एकटीनं निकाल फिरवू शकते हे टेस्टमधून दाखवावं लागतं. हे उपयोगी आहे, पण न लिहिलेल्या कोडचं कव्हरेज कोणतंच टूल दाखवत नाही.

चौथं, बिघाड मुद्दाम घालणं. सेन्सरची वायर काढून 'शून्य आलं, अलार्म वाजला' एवढ्यावर थांबू नका. बिघडलेले सेन्सर इतके सरळ वागत नाहीत. २००८ साली क्वांटासच्या एका ए३३० विमानात उड्डाणाची माहिती पुरवणारं एक युनिट अधूनमधून चुकीचे, एकदम चढलेले आकडे पाठवत होतं. असा आकडा आला की संगणक १.२ सेकंद जुना चांगला आकडा वापरायचा. दुसरा चुकीचा आकडा नेमका १.२ सेकंदांनी आला, चाळणीतून निसटला, आणि विमानानं अचानक नाक खाली घातलं. म्हणून कोडमधल्या प्रत्येक थांबण्याच्या वेळेशी जुळवून बिघाड घाला.

पाचवं, फझिंग (वेडंवाकडं इनपुट भरमसाट देऊन पाहणं) आणि पेन-टेस्ट. रिपोर्टमध्ये 'काही सापडलं नाही' याच्या शेजारी किती दिवस, कोणती माहिती हातात घेऊन आणि काय वगळून, हे लिहिलेलं हवं. औषध-पंपाच्या पेन-टेस्टमध्ये सर्व्हिस पोर्ट वगळला असेल तर ती टेस्ट जवळपास निरुपयोगी आहे.

आता आकड्यांविषयी, कारण इथे सर्रास थापा लिहिल्या जातात. तासाला एक अब्जांश इतकी अपयशाची शक्यता नुसत्या टेस्टिंगनं दाखवायची तर एक अब्ज तासांच्या आसपास, म्हणजे सुमारे १,१४,००० वर्षं चाचणी चालवावी लागेल. सरासरी १०,००० हाकांमागे (यंत्रणेला काम करायची वेळ आली, की ती एक हाक) एकदाच चुकेल, असा माफक दावा ९९ टक्के विश्वासानं करायचा, तरी प्रत्यक्ष वापरासारख्या सुमारे ४६,००० टेस्ट एकही अपयश न येता पार पडाव्या लागतात. मधे बग सापडून दुरुस्त केला, की मोजणी पुन्हा एकपासून.

'दोन वेगळ्या टीमनी दोन आवृत्त्या लिहिल्या, म्हणून दोन्ही एकदम चुकणार नाहीत' हाही आकडा मान्य करू नका. नाइट आणि लेव्हसन यांनी १९८६ साली एकाच कामासाठी स्वतंत्रपणे लिहिलेले २७ प्रोग्राम तपासले. स्वतंत्र चुकांच्या हिशोबात बसतील त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा ते एकाच इनपुटवर एकत्र चुकले. अवघड जागा सगळ्यांनाच अवघड जाते.

सावध: 'हे सॉफ्टवेअर जुन्या मॉडेलवर वर्षानुवर्षं विनातक्रार चाललंय' हा पुरावा नाही. थेराक-२५ या किरणोपचार यंत्रातला काही कोड जुन्या थेराक-२० मधून आलेला होता. तीच चूक जुन्या यंत्रातही होती, पण तिथे हार्डवेअरचे इंटरलॉक (धोका दिसताच यंत्र अडवणारी कुलपं) ती झाकून नेत. नव्या यंत्रात ते काढले. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जादा किरण बसले, काही दगावले.

## पायरी ७: सेफ्टी आणि सिक्युरिटी एकमेकींना कुठे आडव्या येतात

तीनदा पासवर्ड चुकला की लॉक, हा ऑफिसात चांगला नियम. अतिदक्षता विभागात तो पंपाला लावला तर नर्सला औषध थांबवताच येणार नाही. 'थांबवा' या आदेशाला पासवर्ड नसावा, 'वाढवा' ला असावा. असे निर्णय दोन्ही बाजूंची माणसं समोरासमोर बसल्याशिवाय होत नाहीत.

दुसरी टक्कर अपडेटची. सिक्युरिटीला पॅच लगेच हवा, सेफ्टीला पुन्हा तपासणी हवी. दोघींनाही मान्य होईल असा वेळ आणि टप्पे आधीच लिहून ठेवा. आणि डेटा फायलींना सूट देऊ नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. ते अपडेट नव्या कोडचं नव्हतंच, कंटेंट फायलीचं होतं. पंपातली औषधांची यादी, तिच्यातल्या मर्यादा आणि एककं यांनाही कोडइतकीच कडक तपासणी लावा.

## पायरी ८: निकाल द्या

शंका-नोंदी उघडा आणि 'शिल्लक आहे' असा शेरा असलेल्या सगळ्या एका पानावर आणा. निकाल तीनपैकी एक: मान्य, अटींवर मान्य, अमान्य. अट असेल तर तिची मुदत आणि जबाबदार माणूस लिहा. 'प्रशिक्षण द्यावं', 'मॅन्युअलमध्ये सूचना टाकावी' अशा अटींची संख्या मोजा. त्या जास्त भरल्या तर डिझाइनचं ओझं नर्सच्या खांद्यावर टाकलं गेलंय. उरलेली जोखीम मान्य करणारी सही तपासणाऱ्याची नसावी. ज्याच्याकडे यंत्र थांबवायचा अधिकार आहे त्याची असावी.

## पायरी ९: सेवेत गेल्यावर

पहिल्या पानावरचं प्रत्येक गृहीत आता चालू यंत्रांच्या लॉगशी ताडत राहा. तपासणी पुन्हा उघडायची कारणं आजच ठरवा: नवी आवृत्ती, नवं हार्डवेअर, नव्या नेटवर्कला जोडणी, वापरातल्या लायब्ररीत सापडलेली कमजोरी, आणि कोणालाही इजा न होता टळलेला प्रसंग. टळलेले प्रसंग नोंदवणाऱ्याला शिक्षा होत असेल तर ते तुमच्यापर्यंत येणारच नाहीत, हेही विचारून घ्या.

यंत्र सेवेतून निघण्याची पायरीही यातच धरा. वापरून विकायला काढलेल्या पंपांच्या मेमरीत हॉस्पिटलच्या वायफायचे पासवर्ड तसेच राहिलेले सापडले आहेत. मेमरी कोण पुसणार, ती पुसली गेल्याची खात्री कशी करणार आणि त्याची नोंद कुठे राहणार, हे लिहिलेलं नसेल तर निकालाच्या पानावर ती एक अट वाढवा.